जुनी जीप रोज चालवायची आहे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरच्या अंगणात, शेतावरच्या गोठ्याशेजारी किंवा एखाद्या गॅरेजच्या मागे उभी असलेली जुनी महिंद्रा जीप दुरुस्त करून रोजच्या वापराला लावायची, असं ठरवणाऱ्यांचे प्रश्न मला वर्षभर येत असतात. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे इथे एकत्र केले आहेत. उत्तरं मुख्यतः पेट्रोलच्या हाय बॉनेट जीपला, म्हणजे सीजे ३बी ला धरून आहेत. माझ्याकडे तीच आहे आणि ती रोज चालते.

१. माझी जीप नेमकी कोणती आहे, हे कसं ओळखू?

आधी बॉनेटकडे बघा. बॉनेट बसकं असेल आणि काच त्याच्या वर उंच उभी दिसत असेल, तर ती लो बॉनेट, म्हणजे अमेरिकेच्या विलीज कंपनीची, दुसऱ्या महायुद्धातली किंवा त्यानंतर लगेचची गाडी. बॉनेट उंच, बाजू सरळसोट आणि मडगार्ड सपाट असतील तर ती सीजे ३बी. बॉनेट उंच होण्याचं कारण इंजिन आहे. तिच्या हरिकेन नावाच्या इंजिनात इनलेट व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असतात, त्यामुळे ते जुन्या इंजिनापेक्षा उंच झालं आणि त्याच्यासाठी बॉनेट वर घ्यावं लागलं. अमेरिकेत ही गाडी १९६८ मध्ये बंद झाली, महिंद्राने मात्र पुढेही ती बनवणं चालू ठेवलं. म्हणून आपल्याकडे ती अजून गावोगावी दिसते. गाडी थोडी लांब आणि इंजिन प्यूजोचं डिझेल असेल, तर ती बहुधा एमएम ५४०. तिचे बरेच पार्ट वेगळे आहेत. ऑर्डर देण्याआधी एवढं नक्की करा.

२. इतकी जुनी गाडी खरंच रोज चालेल का?

चालते. २.२ लिटरचं चार सिलेंडरचं साधं इंजिन, तीन गिअर आणि लोखंडी पाटे, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगा. यातली कुठलीही वस्तू तालुक्याच्या गावातला मिस्त्री उघडू शकतो. फक्त ‘रोज’ म्हणजे काय, ते आधी ठरवा. गावातून शेतावर, घरून कामावर, महिन्यातून एखादा घाट, एवढं ती आनंदाने करेल. रोज एक्सप्रेसवेवर शंभरने जायचं असेल तर ही गाडी त्यासाठी नाही (प्रश्न १० पाहा).

३. विकत घेताना सगळ्यात आधी काय बघायचं?

कागद. इंजिन बांधता येतं, पत्रा बदलता येतो, पण आरसीवरचा चेसिस नंबर आणि चेसिसवरचा, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्यावरचा नंबर जुळत नसेल तर ती गाडी तुमची होत नाही. नंबरावर रंग चढलेला असतो. ग्राइंडर लावू नका, थिनरने पुसून वाचा. अक्षरं वाकडीतिकडी असतील किंवा आजूबाजूला वेल्डिंग दिसत असेल तर तिथूनच परत फिरा.

मग गाडीखाली जा. चेसिसचा मागचा आडवा मेंबर आणि पाट्यांची हँगरं जिथे बसतात ती जागा स्क्रू-ड्रायव्हरने टोचून बघा. तिथे गंज आतून खातो, वरून रंग छान दिसतो. बॉडीवर लोहचुंबक फिरवा. ज्या जागी तो धरत नाही तिथे पत्रा नाही, लांबी (भरायची पुटी) आहे. इंजिन चालू होतं की नाही, याला मी शेवटचा नंबर देतो.

४. बजेट मोजकं आहे. आधी रंग करू की इंजिन?

दोन्ही नंतर. आधी ब्रेक, मग स्टिअरिंग, मग रेडिएटर, मग वायरिंग. त्यानंतर इंजिन-गिअरबॉक्स आणि सगळ्यात शेवटी बॉडी आणि रंग. लोक नेमकं उलटं करतात. ऑलिव्ह ग्रीन रंग, जेरीकॅन, नवा हूड, आणि आत तीस वर्षांपूर्वीचे ब्रेक पाइप. रंगाला पैसे गेले की बाकीच्या कामांसाठी काही उरत नाही, आणि पुढे ब्रेकचं काम करताना नव्या रंगावर ब्रेक ऑइल सांडतं. ब्रेक ऑइल रंग सोलून काढतं.

५. ब्रेक मूळचेच ठेवू की बदलू?

मूळचे ब्रेक म्हणजे चारही चाकांना नऊ इंची ड्रम आणि सिंगल सर्किट मास्टर सिलेंडर. सिंगल सर्किटचा अर्थ नीट समजून घ्या. चारपैकी कुठल्याही एका चाकाचा पाइप फुटला तर पेडल थेट पायाखालच्या पाटीला लागतं आणि चारही चाकांचे ब्रेक जातात. मोकळ्या रस्त्यावर हे चालून गेलं, आजच्या रहदारीत चालणार नाही. त्यामुळे एकच आधुनिक बदल परवडत असेल तर दोन सर्किटचा मास्टर सिलेंडर बसवा. पुढचं सर्किट गेलं तरी मागचं शिल्लक राहतं.

ड्रम तसेच ठेवले तरी चालतात, पण ते लेथवर फिरवून गोल करून घ्या, शू त्यांच्या गोलाईला बसवून घ्या, व्हील सिलेंडर आणि सगळे रबरी होज नवे घाला, लोखंडी पाइपही नवे टाका. पेडल स्पंजासारखं लागत असेल तर एअर राहिलेली आहे. मास्टर सिलेंडर पायाखालच्या पाटीच्या खाली बसतो, त्यामुळे चिखलपाणी त्याच्या झाकणापर्यंत पोचतं. ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढून घेतं, ओल आली की ते लवकर उकळतं, आणि घाट उतरताना पेडल अचानक पोकळ होतं. मी दर दुसऱ्या वर्षी पावसाळा संपला की सगळं ऑइल काढून नवं भरतो.

हँडब्रेक वेगळा आहे. तो चाकांवर नसतो, ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरबॉक्सच्या) मागच्या शाफ्टवरच्या ड्रमवर असतो. तिथलं ऑइल सील गळायला लागलं की लायनर तेलकट होतात आणि गाडी उतारावर थांबत नाही. लायनर बदलण्याआधी सील बदला. चालत्या गाडीत हा ब्रेक ओढू नका, झटका सगळा शाफ्टच्या सांध्यातल्या क्रॉसवर येतो.

६. पन्नासच्या आसपास पुढची चाकं जोरात थरथरतात. टायर बदलले, बॅलन्सिंग केलं, तरी जात नाही. का?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो. माझ्या गाडीलाही हेच झालं होतं. खंबाटकी उतरून सपाटीला लागलो, एक छोटा खड्डा लागला आणि स्टिअरिंग हातातून सुटेल इतकं हलायला लागलं. वेग पंधरा-वीसवर येईपर्यंत थांबलं नाही. एका गॅरेजने नवे टायर घातले, दुसऱ्याने स्टिअरिंग डॅम्पर, म्हणजे थरथर दाबणारा शॉक, लावून दिला. थरथर थोडे दिवस दबली आणि परत आली.

शेवटी घरीच शोधलं. गाडी जमिनीवर, इंजिन बंद. मुलाला स्टिअरिंग थोडं डावी-उजवीकडे हलवायला सांगितलं आणि मी खाली आडवा पडून एकेका सांध्यावर बोट ठेवत गेलो. पुढच्या आडव्या मेंबरवर बेल क्रँक असतो. स्टिअरिंग बॉक्सकडून येणारा रॉड त्याला लागतो आणि त्याच्यापासून टाय रॉड निघतात. त्या क्रँकची पिन बोटाखाली खट्कन सरकत होती. पिन काढली तर एका बाजूने झिजून नखाएवढी खाच पडलेली. नवी पिन, नवं बेअरिंग आणि थरथर गेली.

तुम्हीही याच क्रमाने बघा: बेल क्रँक, टाय रॉडचे एंड, किंग पिनची (पुढचं चाक ज्यावर वळतं त्या पिनची) बेअरिंगं आणि त्यांच्या शिम, म्हणजे पातळ चकत्या, चाकांची बेअरिंगं, पाट्यांचे बुश. चाक जॅकवर घेऊन वर-खाली धरून हलवलं की किंग पिनचा ढिलेपणा कळतो. डॅम्पर सगळ्यात शेवटी लावा. आधी लावला तर तो झीज झाकून ठेवतो.

रुंद टायर घालायचा मोह होतो. मूळचा ६.००-१६ चा टायर अरुंद आहे, त्यामुळे पॉवर स्टिअरिंग नसतानाही गाडी हलकी वळते. रुंद टायर घातले की प्रत्येक सांध्यावर भार वाढतो आणि हीच तक्रार लवकर परत येते.

७. घाटात गाडी बंद पडते, अर्ध्या तासाने आपोआप चालू होते. इंजिन गेलं का?

बहुतेक नाही. आधी काटा बघा. तापमान वर गेलं असेल तर ते रेडिएटरचं दुखणं. तापमान ठीक असून इंजिन पेट्रोलला तरसल्यासारखं धक्के देत बंद पडत असेल, तर पेट्रोलची वाफ झाली आहे. फ्युएल पंप ब्लॉकच्या डाव्या बाजूला आहे आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डही त्याच बाजूला. उन्हाळ्यात कशेडीसारख्या चढणीवर पहिल्या-दुसऱ्या गिअरात बराच वेळ चढलं की पाइपमधलं पेट्रोल उकळतं आणि पंप नुसती वाफ ओढत राहतो. तात्पुरता उपाय म्हणजे पंपावर ओलं फडकं. कायमचा उपाय म्हणजे पाइप मॅनिफोल्डपासून लांब वळवणं, मध्ये पत्र्याचा आडोसा लावणं किंवा टाकीजवळ कमी दाबाचा इलेक्ट्रिक पंप बसवणं. इलेक्ट्रिक पंप लावला तर इंजिन बंद पडताच तो थांबेल अशी जोडणी करून घ्या. या गाडीत टाकी सीटच्या खाली असते, हे विसरू नका.

रेडिएटरचं दुखणं असेल तर कोर नवा भरून घ्या, ब्लॉकमधला गाळ काढा आणि थर्मोस्टॅट परत बसवा. अनेक गॅरेजांत तो काढून टाकायची सवय आहे. त्यामुळे इंजिन सकाळी लवकर गरम होत नाही आणि पेट्रोल जास्त पितं. जास्त दाबाचं झाकण लावू नका, रेडिएटरची जुनी टाकी शिवणीवर फुटते. नळाच्या पाण्याऐवजी कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर वापरा.

८. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुन्या इंजिनाला चालेल?

इंजिनाच्या लोखंडाला फारसा त्रास नाही, त्रास रबराला आहे. पंपाचा जुना डायफ्राम (रबरी पडदा), जुने होज आणि कार्ब्युरेटरचे वायसर इथेनॉलने फुगतात, मऊ पडतात, मग गळतात. हे सगळं इथेनॉलला टिकणाऱ्या मालाचं घ्या आणि घेताना दुकानदाराला तसं स्पष्ट विचारा. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, आणि त्यात स्वतःचा ऑक्सिजन असल्यामुळे मिश्रण पातळ पडतं. प्लग पांढरे दिसत असतील किंवा चढावर इंजिन अडखळत असेल तर कार्ब्युरेटरमधला मेन जेट (पेट्रोल सोडणारं छिद्र) एक नंबर मोठा घालून बघा.

दुसरी गोष्ट पाण्याची. इथेनॉल ओल ओढतं, म्हणून पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर अर्धी रिकामी टाकी ठेवू नका. पाणी तळाशी साठतं आणि पत्रा आतून गंजतो. टाकीच्या पुढे पारदर्शक फिल्टर लावा. त्यात तांबडी पूड दिसली की टाकी काढायची वेळ झाली.

९. वायरिंगमध्ये काय काय बदलू?

सगळंच नवं ओढा. मधे मधे जोड मारलेली जुनी वायर हे जीप पेटण्याचं मोठं कारण आहे. गाडी सहा व्होल्टची असेल तर बारा व्होल्टवर आणा. बल्ब, कॉइल, हॉर्न आणि काटे बदलावे लागतील. डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर लावा. मग रात्री पावसात दिवे, वायपर आणि हॉर्न एकदम चालले तरी बॅटरी बसत नाही. सात इंची गोल हेडलाइटमध्ये ६०/५५ वॉटचा हॅलोजन बसतो, पण रिले लावूनच. रिले नसेल तर सगळा करंट स्विचमधून जातो आणि स्विच जळतो. व्हॅक्यूमचे वायपर असतील तर ते चढावर मंदावतात, म्हणजे नेमके गरजेच्या वेळी. इलेक्ट्रिक मोटर बसवा. प्रत्येक सर्किटला स्वतंत्र फ्यूज द्या आणि बॅटरीजवळ एक मेन स्विच ठेवा.

१०. वेग किती ठेवू? पाच गिअरचा बॉक्स बसवता येईल का?

साठ ते पासष्ट. गणित असं आहे: क्राउन-पिनियनचं (ॲक्सलमधल्या गिअरच्या जोडीचं) गुणोत्तर ५.३८ आणि टायर ६.००-१६ चे असतील तर टॉप गिअरमध्ये साठला इंजिन मिनिटाला साधारण २,४०० फेरे घेतं आणि ऐंशीला ३,२०० च्या घरात जातं. हे लांब स्ट्रोकचं इंजिन आहे, बोअर (सिलेंडरचा व्यास) ७९ मिलिमीटर आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) १११. तासन्‌तास ३,२०० वर ठेवण्यासाठी ते बनलेलं नाही.

पाच गिअरचा बॉक्स बसवणारे आहेत. अडचण लांबीची आहे. या जीपचा व्हीलबेस फक्त ८० इंच, मागचा शाफ्ट आधीच आखूड. लांब बॉक्स बसवला की शाफ्ट आणखी आखूड होतो, कोन तीव्र होतो आणि क्रॉस वारंवार तुटतो. मी मूळचाच तीन गिअरचा बॉक्स चांगला बांधून घ्या म्हणेन. पहिल्या गिअरला सिन्क्रो (गिअरांचे वेग जुळवणारी रिंग) नाही, त्यामुळे गाडी पूर्ण थांबल्यावरच तो टाका किंवा डबल क्लच, म्हणजे मध्ये न्यूट्रलला दोनदा क्लच दाबून गिअर टाकणं, शिका. सवय आठवड्याभरात होते.

११. पेट्रोल इंजिन काढून डिझेल टाकू का? सगळे तेच सांगतात.

पूर्वी खेडोपाडी सर्रास हे झालं, कारण डिझेल फार स्वस्त होतं. आज मला यात फायदा दिसत नाही. डिझेल इंजिन जड असतं, पुढचे पाटे बसतात आणि ब्रेकवर भार वाढतो. शिवाय आरसीवर पेट्रोल आणि बॉनेटखाली डिझेल असेल तर तपासणीत गाडी अडकते आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते (प्रश्न १४). मूळचं इंजिन बोअर करून, रिंग-पिस्टन घालून, एक्झॉस्टचे व्हॉल्व्ह सीट तपासून बांधलं तर पुष्कळ वर्षं साथ देतं. थंड इंजिनावर टॅपेटची फट इनलेटला १८ थाऊ (इंचाचे हजारावे भाग) आणि एक्झॉस्टला १६ थाऊ. बरेच मिस्त्री अंदाजाने घट्ट करतात आणि व्हॉल्व्ह जळतो. फीलर गेज स्वतः घेऊन जा.

१२. फोर व्हील टाकून रोज चालवली तर?

डांबरी रस्त्यावर नको. पुढच्या आणि मागच्या शाफ्टमध्ये डिफरन्शियल नाही, त्यामुळे वळताना दोन्हीकडच्या फेऱ्यांतला फरक कुठेतरी निघावा लागतो. मातीत चाक घसरून तो निघतो, डांबरावर तो गिअरांवर येतो. महिन्यातून एकदा मात्र मातीच्या रस्त्यावर फोर व्हील टाकून थोडी चालवा, म्हणजे आतली तेलं फिरतात.

१३. पार्ट कुठे मिळतात? पावसाळ्यात गंज कसा थांबवू?

पुण्यात नाना पेठ, मुंबईत ऑपेरा हाउसचा परिसर आणि जुन्या मालासाठी कुर्ला. जुना पार्ट सोबत घेऊन जा आणि काउंटरवर शेजारी शेजारी ठेवून मापा. ‘जीपचाच आहे’ यावर विश्वास ठेवू नका.

गंजासाठी: सडलेला पत्रा कापून तेवढ्याच जाडीचा नवा पत्रा वेल्ड करा, लांबीने भरू नका. पाटीखाली पाणी निघून जायची भोकं असतात, ती रंगकामात बुजतात. ती उघडी ठेवा. रबर मॅट किंवा कार्पेट कायमचं चिकटवू नका. कोकणात गाडी वापरत असाल तर पावसाळ्याआधी चेसिसच्या आत पोकळीत मेण किंवा तेलाचा फवारा मारून घ्या.

१४. आरटीओच्या दृष्टीने काय बदललेलं चालतं?

मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. इंजिन बदलायचंच असेल तर त्याच जातीचं, आधी परवानगी घेऊन, आणि नंतर आरसीवर नोंद करून. चेसिस लांब करणं किंवा परवानगीशिवाय इंधन बदलणं बेकायदा आहे. कलम १८२अ नुसार प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. होज, वायरिंग, ब्रेकचे आतले भाग, सीट बेल्ट ही सुरक्षेची दुरुस्ती आहे. त्यात मला कधी अडचण आलेली नाही, पण बिलं जपून ठेवा.

पंधरा वर्षांनंतर नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते आणि महाराष्ट्रात त्याबरोबर पर्यावरण कर लागतो. वीस वर्षांवरच्या हलक्या वाहनांसाठी नूतनीकरणाचं शुल्क ऑगस्ट २०२५ मध्ये वाढून १०,००० रुपये झालं. पीयूसीची मर्यादा जुन्या पेट्रोल चारचाकीला सैल आहे, कार्बन मोनॉक्साइड ३ टक्क्यांपर्यंत. कार्ब्युरेटर नीट लावलेला असेल तर गाडी सहज पास होते.

१५. गाडी पन्नास वर्षांची झाली. व्हिंटेज नोंदणी करून घेऊ का?

रोज चालवायची असेल तर नको. जुलै २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या, मूळ स्वरूपात राखलेल्या गाडीची अशी नोंदणी होते. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये आणि मुदत दहा वर्षं. पण ती गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, आणि पेट्रोल किंवा दुरुस्तीसाठी नेण्यापुरतीच रस्त्यावर आणता येते. नेहमीच्या वापराला आणि धंद्याला मनाई आहे. म्हणजे ‘व्हिंटेज’ची पाटी घेतली की रोजची जीप संपली. साधी नोंदणी चालू ठेवा आणि वेळेवर नूतनीकरण करा.

१६. मंडी डबवालीची किंवा लष्करी लिलावातली जीप घ्यावी का?

हरियाणातल्या डबवालीचे जीप बांधणारे कारागीर उत्तम काम करतात, प्रश्न कारागिरीचा नाही. तिथून आलेल्या काही गाड्यांत चेसिस एका गाडीची, कागद दुसऱ्याचे आणि बॉडी नवी असते. लिलावाच्या गाडीला लिलावाची मूळ पावती आणि सुटकेचं पत्र हवं, झेरॉक्स नको. परराज्यातली नोंदणी असेल तर तिथल्या आरटीओचं ना-हरकत प्रमाणपत्र हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

१७. इलेक्ट्रिक करून घेता येईल का?

मान्यताप्राप्त किटच बसवता येतं, आणि अशी मान्यता देणाऱ्या संस्थांमध्ये पुण्याची एआरएआय ही वाहनं तपासणारी संस्थाही आहे. पण हे नियम १ जानेवारी १९९० नंतर बनलेल्या गाड्यांसाठी आहेत. त्यामुळे जुन्या हाय बॉनेटला हा रस्ता बंद आहे.

१८. मुलांना मागे बसवून शाळेत सोडतो. काय काळजी घेऊ?

मागच्या आडव्या बाकांवर मुलांना बसवून मी गाडी रस्त्यावर काढत नाही. त्या बाकांना धरायला काही नाही, बाजू उघड्या, आणि ८० इंच व्हीलबेसची उंच गाडी झटकन कलते. मागे पुढच्या दिशेने तोंड असलेली सीट बसवा. बेल्टचे बोल्ट नुसत्या पत्र्यात घेऊ नका, खाली जाड प्लेट देऊन चेसिसच्या आधाराला न्या. सीटच्या मागे चेसिसला धरलेला रोल बार बसवायचा असेल तर आरटीओत आधी विचारा. पुढच्या दोन्ही सीटनाही बेल्ट लावा. माझी मुलगी पुढे बसते, बेल्ट लावल्याशिवाय मी चावी फिरवत नाही, आणि आता आठवण तीच करून देते.